सामोसचा बोगदा: वळणं, चर आणि नशिबाचा प्रश्न

ग्रीसच्या सामोस बेटावर युपलिनोस या अभियंत्याने झऱ्याचं पाणी शहरात आणण्यासाठी डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोगदा खोदला, त्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. बोगद्याची दिशा काटकोन त्रिकोणांवरून काढायची ग्रीक गणिती हेरॉनची रीत मी युपलिनोसच्या नावावर घातली. उत्तरेकडचा बोगदा वाकडातिकडा आहे, तेव्हा दोन्ही बाजू जुळल्या त्या नशिबाने. आणि पाण्याचा चर तळाखाली जवळजवळ नऊ मीटर खोल न्यावा लागला, म्हणजे पातळीच चुकली होती.

पहिला आक्षेप मान्य. बोगदा इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला, हेरॉन इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. मधे सहाशे वर्षं. लेखात इतकं ठाम लिहायला नको होतं. डोंगरावरून काठ्या रोवत, मागची काठी पुढचीच्या आड लपेपर्यंत सरकवत रेघ आखायची, एवढ्यानेही दिशा मिळते. मला आता हेच जास्त पटतं.

नशिबाचं मात्र अजिबात पटत नाही. लांबी 1036 मीटर, रुंदी आणि उंची जेमतेम 1.8 मीटर. 500 मीटर खोदताना दिशा एका अंशाने जरी चुकली तरी टोक पावणेनऊ मीटर बाजूला जातं. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचं औरंगाबाद) नहर-ए-अंबरी या जमिनीखालच्या जुन्या पाणीमार्गाला वरून उच्छ्वास, म्हणजे जमिनीवर उघडणारी झरोक्यासारखी तोंडं आहेत, तिथे दिशा पुन्हा पुन्हा तपासता येते. इथे डोक्यावर अख्खा डोंगर, त्यामुळे ती सोय नाही.

दक्षिणेकडचा भाग बरंच अंतर सरळ आहे. मागे वळून तोंडाचा उजेड दिसतोय तोवर आपण रेषेत आहोत, ही सगळ्यात सोपी खूण. उत्तरेकडे कातळ ठिसूळ लागला, पाणी झिरपू लागलं. तिथे सरळ जाणं म्हणजे छत अंगावर घेणं. म्हणून बगल दिली, आणि बगल दिली की उजेडाची खूण गेली. मग उरतं ते मोजमाप. भिंतीवर लाल रंगातली अक्षरं सुमारे 20.6 मीटरच्या अंतराने आहेत. वळणामुळे अंतर किती वाढलं आणि मूळ रेषेवर कुठे परतायचं, याचा हिशोब ठेवल्याशिवाय अशा खुणा कोण रंगवत बसेल?

जोडाजवळची युक्ती तर बघण्यासारखी आहे. समोरासमोरच्या दोन जवळपास समांतर रेषा दीड-दोन मीटरच्या अंतराने एकमेकींशेजारून निघून जाऊ शकतात आणि खोदणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून शेवटी मुद्दाम वळण घेतलं. दोन्ही बोगदे जवळजवळ काटकोनात भेटतात. आडव्या पातळीत एक रेषा दुसरीला आडवी घातली की ती कुठेतरी छेदणारच. राहिली उंचीची चूक. त्यासाठी एका बाजूने छत सुमारे अडीच मीटर वर नेलं, दुसऱ्या बाजूने तळ खाली घेतला. चूक होणार हे धरूनच केलेली ही तरतूद आहे. तुम्ही पुरावा म्हणून दाखवलेली वळणंच मला आखणीचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतात.

आता चर. दोन्ही तोंडं समुद्रसपाटीपासून सुमारे 55 मीटरवर, म्हणजे पाणसळ उत्तम साधली होती. पण सपाट तळावरून पाणी वाहत नाही. म्हणून उतार बाजूच्या वेगळ्या चरात काढला: उत्तरेला सुमारे चार मीटर खोल, दक्षिणेला साडेआठच्या आसपास. हजार मीटरला साडेचार मीटर उतार, त्यात मातीच्या नळ्या. बोगदा आधी सपाट ठेवण्यात शहाणपण आहे, कारण दोन्हीकडून खोदताना सपाट पातळी तपासणं तिरक्या उतारापेक्षा कितीतरी सोपं.

उत्तर तोंडाशीच चर चार मीटर खोल का, हा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. निव्वळ उतारासाठी तिथे इतकं खणायची गरज नव्हती. बोगद्याचं मोजमाप करणारे जर्मन अभ्यासक हेरमान कीनास्ट यांच्या मते काम चालू असताना झऱ्याचीच पातळी खाली गेली. मला ते पटतं, कारण खाली गेलेलं पाणी वर चढवता येत नाही. चरच खाली न्यावा लागतो, आणि तोही पूर्ण लांबीभर.