अकाली दल १९८० च्या दशकातला नव्हे

‘शिरोमणी अकाली दल (पंजाबातला शिखांचा पक्ष) खलिस्तानसाठी, म्हणजे शिखांच्या वेगळ्या देशासाठी, १९८० च्या दशकात निघाला’ असा मजकूर फिरतो आहे. तो चूक आहे. स्थापना १४ डिसेंबर १९२० ची, अमृतसरची. तेव्हाचं भांडण गुरुद्वारांच्या ताब्याचं होतं. महंतांच्या, म्हणजे गुरुद्वारांचा कारभार बळकावून बसलेल्यांच्या, हातून ते सोडवायचे होते. १९२५ च्या कायद्याने ते साधलं. पुढे पंजाबी सुभ्याची, म्हणजे पंजाबी भाषकांच्या राज्याची मागणी, तो १९६६ मध्ये मिळाला. (भाषिक राज्याचा लढा मराठी माणसाला काय समजावायचा!)

गोंधळ होतो दलाच्याच १९७३ च्या आनंदपूर साहिब ठरावावरून. त्यात वेगळा देश नव्हे, राज्याला जादा अधिकार मागितले होते, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन केंद्राकडेच ठेवून. खलिस्तानचं समर्थन करणारा सिमरनजितसिंग मान यांचा ‘अकाली दल (अमृतसर)’ हा वेगळा पक्ष आहे.