मोजपट्टी घरीच ठेवा

नवं फर्निचर घ्यायचं ठरलंय ना? मग सगळ्यात आधी हातातली ती मोजपट्टी खाली ठेवा. शोरूममध्ये टेप काढून सोफ्याभोवती फेऱ्या मारणारा माणूस फार वाईट दिसतो. सेल्समनला वाटतं, सुतारच आलाय, आता हा लाकडाबद्दल विचारणार. शिवाय आपली बैठकीची खोली तुम्ही रोज बघता. तिच्यात काय मावेल ते तुम्हाला नाही कळणार तर कुणाला? दोन्ही हात फैलावायचे, डोळे किंचित बारीक करायचे आणि म्हणायचं, "बसेल की!" बरोबरच्या माणसाने शंका काढलीच, तर जरा आवाज चढवून, "म्हटलं ना, बसेल!" या दुसऱ्या 'बसेल'नंतर कोणी वाद घालत नाही. घालतात ते घरी गेल्यावर.

शोरूमचं छत घराच्या छतापेक्षा बरंच उंच असतं, भिंती लांब असतात, आणि मधली मोकळी जागा एवढी की तिथे हत्तीसुद्धा आटोपशीर वाटावा. अशा जागी नाजूक दिसलेला सोफा घरी आला की आधी सोफा ठेवून मग त्याच्याभोवती खोली बांधली असावी असं वाटतं. हे आधीच कळायला एक सोपा उपाय आहे. सोफ्याची लांबी-रुंदी लिहून आणायची, घरच्या जमिनीवर त्या मापाची वर्तमानपत्रं पसरायची आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून चालायचं. पण हा उपाय करू नका. खरेदीतली सगळी मजा जाते, आणि बऱ्याचदा खरेदीही.

आता समजा, सोफा खोलीत मावतो. पण खोलीपर्यंत पोचायचं कसं, याचा विचार मुळीच करायचा नाही. ते काम गणितज्ञांचं आहे, आणि ते त्यात बरीच वर्षं अडकले होते. खरंच. 1966 साली लिओ मोझर या गणितज्ञाने प्रश्न मांडला: एक मीटर रुंदीचा बोळ काटकोनात वळतो, तर त्या वळणातून सरकवत नेता येईल अशा सोफ्याचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? 1968 मध्ये जॉन हॅमर्सली यांनी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा एक आकार सुचवला, क्षेत्रफळ सुमारे 2.2074 चौरस मीटर. 1992 मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी त्याची कड अठरा वेगवेगळ्या तुकड्यांची करून, घासूनपुसून ते 2.2195 वर नेलं. म्हणजे चोवीस वर्षांच्या खटपटीनंतर सोफा एका पुस्तकाच्या आकाराएवढाही वाढला नाही. याहून मोठा सोफा वळूच शकत नाही, अशी सिद्धता जिनऑन बेक या कोरियन गणितज्ञाने 2024 च्या अखेरीस मांडली, तीही शंभराहून अधिक पानांची.

आणि हा गणितातला सोफा निव्वळ सपाट आहे बरं का. त्याला पाठ नाही, हात नाहीत. त्या बोळात जिना नाही, कठडा नाही, शेजाऱ्याची सायकल नाही, 'भिंतीला लागलं तर भरपाई घेईन' असं दारातून सांगणारे काकाही नाहीत. तुमच्याकडे हे सगळं आहे, आणि तुम्ही निघालात "बसेल की!" म्हणत. धाडसाचं कौतुक वाटतं.

माल घेऊन आलेली माणसं दारात थबकतील. सोफ्याकडे बघतील, चौकटीकडे बघतील, मग एकमेकांकडे. या क्षणी तुम्ही सूचना द्यायला सुरुवात करा. "थोडं तिरकं घ्या. नाही नाही, तिकडून तिरकं." ही माणसं रोज हेच काम करतात, त्यामुळे त्यांना तुमच्या मार्गदर्शनाची फार गरज असते. शेवटी कोणीतरी म्हणेल, "पाय निघतात का याचे?" हा प्रश्न दुकानात विचारायचा होता, पण दुकानात विचारायच्या प्रश्नांची यादी अजून बरीच बाकी आहे. तिच्याकडे येऊच.

बसून बघायचं? जरूर बघा. पण रीतसर. काठावर टेकायचं, पाठ ताठ, गुडघे जुळवून, नोकरीच्या मुलाखतीला बसतात तसं. तळहाताने गादी दोनदा दाबायची. "छान आहे," म्हणायचं आणि उठायचं. घरी तुम्ही याच सोफ्यावर आडवे होणार, एक पाय हातावर टाकणार, मान वाकडी करून मोबाईल बघणार आणि तसेच झोपणार, ते सोडून द्या. दुकानात आडवं होऊ नये, लोक बघतात. दहा वर्षं ज्याच्यावर लोळायचं त्याची परीक्षा दहा सेकंदांत उरकण्यातच खानदानीपणा आहे.

बैठकीची खोली म्हणजे रूम नव्हे, बसायच्या जागेची खोली, तीही बघू नका. साधारण 50 ते 60 सेंटीमीटर असते. उंच माणसाला तेवढी बरी, पण बुटक्या माणसाने पाठ टेकली की त्याचे पाय लहान मुलासारखे हवेत लोंबकळतात, आणि पाय टेकले की पाठ अधांतरी राहते. मग मागे उशी लागते, उशीला दुसरी उशी लागते. दुकानात त्या सोफ्यावर सात उशा रचून ठेवलेल्या असतात, त्या शोभेसाठी असतात असा तुमचा गोड समज होऊ द्या. त्या किमतीत नसतात हेही बिल होईपर्यंत विचारू नका.

फोमबद्दल तर अवाक्षर काढू नका. फोमची घनता मोजतात घनमीटरला किती किलो यात. रोज बसायच्या जागेला तीसच्या वरचा फोम असलेला बरा, असं जाणकार सांगतात. गंमत अशी की घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलका, स्वस्त फोमही कडक करता येतो. दुकानात त्याच्यावर बसलं की तो तुम्हाला ताठ मानेने झेलतो आणि तुम्ही म्हणता, "वा, मजबूत आहे." वर्षा-दोन वर्षांत त्याची मान झुकते आणि घरातल्या प्रत्येकाचा आपापला खड्डा तयार होतो. आजोबांचा खड्डा, बाबांचा खड्डा. याला आपलेपणा म्हणतात. घनता विचारणाऱ्यांच्या घरात तो कुठून येणार?

कापडाचंही तसंच. सोफ्याच्या कापडाची झीज मोजायची मार्टिंडेल नावाची एक चाचणी असते. कापड यंत्रावर चढवून लोकरीच्या कापडाने घासत राहतात आणि ते किती घासण्या सोसतं हे मोजतात. घरात रोज वापरायच्या सोफ्याला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास घासण्या सोसणारं कापड चालतं. हा आकडा सेल्समनला विचारलात तर तो "आतून विचारून येतो" म्हणून जाईल आणि तुमची-त्याची ती शेवटची भेट ठरेल. त्यापेक्षा पांढराशुभ्र सोफा निवडा. चाचणी घरीच होईल.

आणि रंग! रंग दुकानातल्या दिव्यांखालीच ठरवायचा. नमुन्याचा तुकडा घरी नेऊन सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या बल्बखाली बघणारे लोक असतात. संशयी स्वभाव, दुसरं काय. एका उजेडात हुबेहूब जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फटकून वागतात, हे भौतिकशास्त्राला पूर्वीपासून माहीत आहे. पण तुमचा पडदा आणि तुमचा सोफा असं काही करणार नाहीत, तेवढा विश्वास हवा. दुकानात राखाडी दिसलेला सोफा घरी जांभळट दिसला, तर त्याला राखाडीच म्हणत राहा. घरच्यांना सवय होते.

आता लाकूड. इथे माझा सल्ला एकच आहे, पाटी वाचा आणि तिथेच थांबा. पाटीवर 'सागवान फिनिश' लिहिलेलं असतं. सागाचा त्या कपाटाशी रंगापुरता संबंध आला एवढीच त्यातली बातमी. आत बहुतेक वेळा लाकडाचा चुरा असतो, डिंकासारख्या रसायनात मळून, दाबून फळी केलेला. त्याला पार्टिकल बोर्ड म्हणतात. त्याहून बारीक तंतूंचा केला की तो एमडीएफ. वाईट असतो असं मी म्हणत नाही. कोरड्या जागी, नीट कडा बंद केलेल्या असतील तर तो इमानाने उभा राहतो. त्याचं वैर फक्त पाण्याशी. लादी पुसताना उघड्या कडेतून पाणी शिरलं की फळी फुगते आणि फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. एकदा काढलेला स्क्रू पुन्हा त्याच भोकात पिळला तर भोक त्याला ओळख दाखवत नाही. म्हणून असं कपाट घेतल्यावर घर बदलू नये. घरमालकाला तसं कळवून ठेवा.

अस्सल भरीव लाकूड घेणारेही सुटत नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. म्हणून खरा लाकडी खण काही महिने अडकतो आणि काही महिने खडखडतो. जास्त पैसे दिल्याचा पुरावा म्हणून हा आवाज पाहुण्यांना ऐकवावा.

नव्या कपाटाला येणारा तो वास 'नवेपणाचा' आहे असं समजून छाती भरून घेऊ नका. इथे उपरोध जरा बाजूला ठेवतो. या फळ्या चिकटवणाऱ्या रसायनांतून बरेचदा फॉर्मल्डिहाइड हवेत सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि कमी उत्सर्जनाची खूण असलेला माल मागून घ्या. दुसरं, उंच कपाटाबरोबर भिंतीला ठोकायची एक पट्टी मिळते. ती फेकू नका, ठोका. मुलं खण उघडून त्यांच्या पायऱ्या करतात आणि कपाट अंगावर येतं. झालं. आता पुन्हा माझं ऐकणं धोक्याचं आहे.

जेवणाच्या टेबलाबद्दल फार बोलत नाही. टेबल एका दुकानातून घ्या, खुर्च्या दुसऱ्या. टेबल साधारण 75 सेंटीमीटर उंच असतं, खुर्चीची बैठक 45, आणि मधल्या तीस सेंटीमीटरमध्ये माणसाच्या मांड्या राहतात. हे गणित चुकलं की एकतर ताट हनुवटीखाली येतं किंवा गुडघे टेबलाखाली शिरत नाहीत. दोन्ही प्रकारांत माणूस कमी जेवतो.

फर्निचर घरी जोडायचं असेल तर मात्र तुमचं भाग्य थोर. 1859 साली मिखाएल थोनेट यांनी आपली 14 क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. वाफेने वाकवलेले लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढीच ती खुर्ची. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत. दीडशेहून जास्त वर्षांच्या प्रगतीनंतर आज तुमच्या बुटांच्या रॅकमध्ये चौऱ्याऐंशी स्क्रू असतात, चार जातींचे, त्यांतल्या दोन जाती दिसायला अगदी जुळ्या. सोबत शब्दांशिवाय एक चित्रपुस्तिका, तिच्यात एक हसरा माणूस. तो शेवटच्या पानावरही हसतच असतो, यावरून त्याने ते स्वतः जोडलेलं नाही हे ओळखावं. पुस्तिका आधी उघडू नका. अकराव्या टप्प्यावर, फळी उलटी लागल्याचं कळल्यावर उघडा, म्हणजे वाचनात गोडी येते. शेवटी एक स्क्रू उरतो. तो कंपनीने जास्तीचा दिला असं समजा आणि त्या रॅकवर जड काही ठेवू नका. बूटसुद्धा.

एवढं करून ते लटपटतं ध्यान तुम्हाला सुंदर दिसेल. त्यावर संशोधनही झालं आहे: स्वतः जोडलेल्या साध्या खोक्यालाही माणसं जास्त किंमत लावतात, असं 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, आणि त्या परिणामाला फर्निचरच्या एका प्रसिद्ध कंपनीचंच नाव पडलं. म्हणजे मजुरी तुमची, बोटं तुमची चेचलेली, आणि वर प्रेमही तुम्हीच करायचं. धंदा असावा तर असा.

ऑनलाइन घेणार असाल तर फोटो बघा, मापं बघू नका. फोटोतल्या टेबलावर एक फुलदाणी असते. ती केवढी आहे हे कोणालाच माहीत नसतं, तिथेच सगळी कला आहे. पाच तारे देणाऱ्यांचं मत जरूर वाचा: "पॅकिंग छान होतं, अजून उघडलं नाही."

राहता राहिली वॉरंटी. बिलावर 'दहा वर्षं' ठळक अक्षरांत छापलेलं असतं, त्याखालचं बारीक वाचायला चष्मा लागतो म्हणून वाचू नका. दहा वर्षं सांगाड्याला आहेत. फोमला एक, कापडाला शून्य, आणि 'नेहमीच्या वापराने होणारी झीज' कशातच धरलेली नाही. तरीही खड्ड्याची तक्रार करा. फोन लागेल, गाणं वाजेल, यथावकाश कंपनीचा माणूस येईल. तो गादी तळहाताने दोनदा दाबेल, तुमच्याकडे संशयाने बघेल आणि विचारेल, "यावर रोज कोणी बसतं का?"

खुशाल खोटं बोला. "छे, कोणीच नाही."