खालची कवळी

वरच्या कवळीबद्दल माझी काही तक्रार नाही. टाळूला धरून बसते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सगळा उच्छाद खालचीचा. तिला टाळूचा आधार नाही, मधोमध जीभ वळवळत असते, आणि दात गेले की खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा भराभर झिजतं. माझं इतकं झिजलेलं, की कवळी टेकवायची कशावर हाच प्रश्न. चिकट पावडर लावली तर जेवायच्या वेळेपर्यंत दम धरायची, मग आमटीत विरघळून पोटात.

खाण्याचं एक वेळ सोडा. बाकरवडी खलबत्त्यात कुटून खाता येते. आमच्या हिने ती तशी दिली, वर "छान लागते ना?" असंही विचारलं. पण सदाशिव पेठेत राहून माणसाला बोलता येऊ नये? दुकानदाराने "पाटी वाचता येते ना?" म्हणावं, जिभेवर सणसणीत उत्तर तयार असावं, आणि पहिल्याच शब्दाला कवळी उचलली जावी! ती दाबून बसवेपर्यंत तो पुढच्या गिऱ्हाइकाचा अपमान करायला घेतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर माझं गप्प बसणं म्हणजे संमती धरून पार्किंगचा ठराव मंजूरसुद्धा झाला.

शेवटी टिळक रोडवरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काका, खाली सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे छोटे स्क्रू, घालू. त्यावर कवळी अडकवायची."

"अख्खी कवळी दोन स्क्रूंवर?"

त्यावर मला कॅनडाची साक्ष मिळाली. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, बोळक्या माणसाच्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा, असं म्हणून ठेवलंय. शिवाय स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेल्यावर निघेचना, हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं, हेही कळलं. इम्प्लांटची विद्या तिथून निघाली.

"यांचं हाड सशापेक्षा हट्टी आहे," ही म्हणाली. "धरेल."

साखर तपासली, स्कॅन झाला, हिरडीत इंजेक्शन दिलं. हाड तापू नये म्हणून ड्रिलवर पाण्याची धार सोडतात. दुखलं काही नाही, पण घरघर थेट कानात. वरच्या मजल्यावरचा दुपारी एक ते चारमध्ये ड्रिल चालवतो, तेव्हा मी तावातावाने जिना चढतो. इथे पैसे मोजून तेच माझ्या जबड्यात चाललेलं, आणि भांडायला तोंडात कवळी नाही.

मग हाड धरेपर्यंत काही महिने थांबणं आलं. ते कसे गेले, हे हिला विचारा. घर फार शांत होतं म्हणते.

आता कवळीच्या आतल्या बाजूला दोन टोप्या आहेत, त्यात नायलॉनच्या चकत्या. इम्प्लांटच्या बोंडांवर नेमकी धरून दाबली, की ब्लाऊजच्या टिचबटणासारखी टक्‌कन बसते. रात्री काढून ठेवायची, बोंडांभोवती ब्रश फिरवायचा. चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलून घ्यायच्या.

पार्किंगचा विषय मी परवाच काढला. सेक्रेटरी म्हणाले, मंजूर ठराव आता वार्षिक सभेतच उघडता येईल. उघडा म्हणावं. नव्या चकत्या घालून येतो.