इंग्रजीतल्या चुकांचं मूळ मराठीत

‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ हे वाक्य मी कित्येक वर्षं बिनधास्त लिहीत होतो. एकदा एका सहकाऱ्याने ते खोडून वर लिहिलं, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ आधी राग आला, मग लाज वाटली. नंतर प्रश्न पडला की नेमकी हीच चूक माझ्याकडून दर वेळी का होते?

उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नाही, मराठीत सापडलं. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजी मात्र इथे दोन वाटा करते: सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ झाला ते सांगायचं तर फॉर. शिवाय आपलं ‘करतोय’ पाच वर्षं मागून आजपर्यंत आरामात येतं, इंग्रजीत तिथे क्रियापदाचं रूपच बदलावं लागतं. ‘डिस्कस अबाउट’ही असंच: इंग्रजीत नुसतं ‘डिस्कस’ पुरतं, ‘अबाउट’ हे आपल्या ‘विषयी’चं शेपूट. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्यांना कारण आहे. म्हणूनच त्या सुधारता येतात, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त छळलं ते ‘अ’ आणि ‘द’ने. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे कुठे काय घालायचं हे कानाला कळतच नाही. पण हे दोन प्रकार बघा: ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ते ठरावीक डॉक्टर, जे बोलणाऱ्याला माहीत आहेत. पहिल्याला ‘अ डॉक्टर’, दुसऱ्याला ‘द डॉक्टर’. म्हणजे हा फरक आपल्याला लहानपणापासून येतो, फक्त आपण तो ‘ला’ आणि ‘ना’मधून दाखवतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता. सगळीकडे ही युक्ती लागू पडत नाही, पण अंदाज यायला पुरते.

दुसरी अडचण लांबीची. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आधी पार्श्वभूमी, मग कारणं आणि सगळ्यात शेवटी मुद्दा अशी सवय होते. त्यात ऑफिसची ठोकळेबाज भाषा मिसळली की एकवीस शब्दांचं वाक्य तयार होतं: ‘आय अ‍ॅम रायटिंग धिस मेल टू इन्फॉर्म यू दॅट द मीटिंग विच वॉज शेड्यूल्ड ऑन मंडे हॅज बीन पोस्टपोन्ड टू वेन्सडे.’ सांगायचं होतं एवढंच: ‘मंडेज मीटिंग हॅज मूव्ह्ड टू वेन्सडे.’ सहा शब्द. यात नम्रता कमी होत नाही, वाचणाऱ्याचा वेळ वाचतो.

अवघड शब्दांच्या याद्या पाठ करणं मी सोडून दिलंय. ‘यूज’च्या जागी ‘युटिलाइज’ लिहिल्याने इंग्रजी सुधारत नाही, जड होतं.

मला फायदा झाला तो अठराव्या शतकातला अमेरिकी लेखक आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याच्या पद्धतीचा. त्याची तर मातृभाषाच इंग्रजी, तरी लेखन सुधारावं म्हणून तो ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा आणि काही दिवस बाजूला ठेवायचा. मग त्या टिपणांवरून लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून मूळ लेखाशी ताडून बघायचा. मी एकेक परिच्छेद घेऊन हेच करतो. मूळ लेखकाने जिथे ‘द’ घातला आणि मी विसरलो, ती जागा आपल्याच हाताने सापडते, म्हणून ती डोक्यात राहते.

हल्ली मोबाइल आणि एआय क्षणात दुरुस्त करून देतात. जरूर वापरा, पण आधी स्वतः लिहा आणि नेमकं काय बदललं ते वाचा. नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर तीच चूक उद्या पुन्हा तुमची वाट बघत उभी असते.

मी अशा चुकांची एक वही ठेवलीय. डावीकडे माझं वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेलं, आणि खाली ती चूक ज्यातून आली ते मराठी वाक्य. ‘सिन्स’ची नोंद त्यात बऱ्याच महिन्यांत आलेली नाही. ‘द’ची मात्र कालच एक आली.