हल्लेखोर आणि मी

नाव, वय, मोबाईल नंबर. दवाखान्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं. पण तोंडी सांगितलेलं चालत नाही, कागदावर तर नाहीच, भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि फॉर्म भरा म्हणे. माझा फोन अँड्रॉइड ४.४ वाला, मॉडेल केव्हाच बंद झालंय, पण कॉल लागतो, अलार्म वाजतो, बॅटरी अजून दिवसभर जाते, मग उगाच का बदलू? स्कॅन केलं तर स्क्रीनवर हा मोठा इशारा, तुमचं कनेक्शन खाजगी नाही.

शेजारी एक काका बसले होते. त्यांनी सरळ माझ्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं आणि खालची बारीक ओळ अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशी वाचली, "हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असतील!" समोरच्या बाईंनी माझ्याकडे बघत पर्स मांडीवर ओढून घेतली.

"रिस्टार्ट मारलात?"

मारला.

"कॅश क्लिअर?"

केली.

"मग अपडेट करा की!"

अहो काका, या अँड्रॉइडवर क्रोम ब्राउझर ८१ नंबरच्या व्हर्जनपुढे जातच नाही, २०२० मध्येच विषय संपला. पण ऐकतंय कोण. "द्या इकडे" म्हणत त्यांनी फोन घेतलाच, मागचं झाकण उचकटलं आणि बॅटरी बाहेर निघते हे बघून इतके हरखले की ती पलीकडच्या दोघांना नेऊन दाखवली. "पूर्वी अशा असायच्या!" बॅटरी रांगेत फिरून परत आली तेव्हा जराशी चिकट लागत होती.

फोन चालू झाल्यावर काकांना साक्षात्कार झाला. "सर्टिफिकेट एक्सपायर झालं असणार. तारीख मागे घ्या!" (सर्टिफिकेट म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला.) घेतली त्यांनीच, थेट २०१९. आता फोन म्हणाला, या साइटचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. "बघा, एरर बदलली," काका म्हणाले, "म्हणजे आपण जवळ आलोय."

खरी भानगड वेगळीच आहे आणि ती ऐकून घ्यायला तिथे कुणालाच वेळ नव्हता म्हणून इथे सांगतो. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट सर्टिफिकेट देते, म्हणून ढीगभर साइट्स तेच वापरतात, पण ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं चालतात ते त्यांचं आत्ताचं मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या विश्वासू यादीत नाहीच. यादीतल्या दुसऱ्या एका जुन्या सर्टिफिकेटच्या ओळखीवर २०२४ पर्यंत निभावलं, मग तेही बंद. हे जुनं क्रोम फोनच्या यादीवर विसंबून, त्यामुळे दारातच अडलं. फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर आपली यादी स्वतःबरोबर घेऊन फिरतो, म्हणून या अँड्रॉइडसाठीच्या शेवटच्या ६८ नंबरच्या व्हर्जनमध्ये तोच फॉर्म उघडला. उघडला म्हणजे पांढराशुभ्र. कारण असले फॉर्म ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टमध्ये हल्ली प्रश्नचिन्हापुढे टिंब द्यायची सोय आलीये, फायरफॉक्सला ती ७४ पासून कळते, आणि एक खूण कळली नाही की ब्राउझर ती अख्खी फाइलच टाकून देतो. क्रोम ८१ ला ते टिंब कळतं! म्हणजे ज्याला आत सोडतात त्याला भाषा येत नाही आणि ज्याला भाषा येते त्याला आत सोडत नाहीत.

आणि हे सगळं तीन रकान्यांसाठी. साधं एचटीएमएल त्यासाठी केव्हापासून पुरतंय, पण नाही, वय विचारायलासुद्धा आधी दोन-चार मेगाबाइट उतरवायचे. वर "सुरक्षेसाठी" म्हणायचं. सुरक्षा हवीच हो, मी नाही कुठे म्हणतो, पण प्रश्नचिन्हानंतरच्या टिंबाने माझी कुठली सुरक्षा होते? चालता फोन कचऱ्यात टाकायला लावायचा आणि त्याच तोंडाने ई-कचऱ्यावर भाषणं द्यायची.

शेवटी काकांनी माझा फॉर्म त्यांच्या फोनवरून भरला. वय मला न विचारताच ७२ टाकलं, वरून वीस वर्षांनी चुकले. मोबाईल नंबर स्वतःचाच दिला, "मेसेज यायला हवा ना!" मेसेज आला असणारच, कारण आतून माझं नाव पुकारलं आणि टोकन दाखवा म्हणाले. टोकन काकांच्या फोनवर, फोन काकांच्या खिशात, आणि काका ब्लड टेस्टच्या खोलीत.