मुंबईची लाईन तोडली तर?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'राख विदर्भाला, उजेड मुंबईला! आता आपल्याकडं सोलरही आलं. मुंबईची लाईन तोडा, विदर्भाला चोवीस तास फुकट वीज.' राखेचं खरं आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा इथल्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर आपल्याच छातीत जातो, त्यासाठी भांडलंच पाहिजे. बाकी मेसेज कच्चा आहे.

'सोलर आलं, आता चोवीस तास वीज.' दिवस बुडाला की पॅनल म्हणजे नुसती काच. अन् दिवे, टीव्ही, कूलर सगळं लागतं नेमकं संध्याकाळी सातला. एकानं लिहिलं, कोळशाचं केंद्र दुपारी बंद ठेवा, सातला चालू करा. अहो, ती काय विहिरीवरची मोटर आहे का, स्टार्टर दाबला की चालू? थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायला कित्येक तास जातात. म्हणून दुपारी तो क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांवर उतरवून चालूच ठेवतात.

'फुकट.' ऊन फुकट आहे. खांब, तारा, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) अन् रात्रीचा कोळसा नाही.

'लाईन तोडा.' इथं जरा थांबू. तारेत वीज साठत नाही. बनली त्या क्षणी खपली नाही तर ग्रीडची, म्हणजे तारांच्या मोठ्या जाळ्याची, वारंवारिता (विजेची सेकंदातली लय) ५० हर्ट्झच्या वर चढते, अन् ती ४९.९० ते ५०.०५ मध्येच राखायची असते. लाईन तोडली तर भर दुपारी आपलंच सोलर बंद करायची पाळी येईल. चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे ही १५०० मेगावॅटची लाईन मेसेजवाल्यांना दिसते. आपल्याच भद्रावतीत पश्चिम अन् दक्षिण ग्रीडला जोडणारं १००० मेगावॅटचं केंद्र आहे, ते दिसत नाही. तिथून वीज जाते तशी येऊही शकते. कच्छात सूर्य नागपूरपेक्षा जवळपास चाळीस मिनिटं उशिरा मावळतो, म्हणजे तिथलं सोलर तेवढा वेळ जास्त चालतं. पावसाळ्यात आपलं आभाळ भरलेलं असतं तेव्हा तमिळनाडूच्या पवनचक्क्या जोरात असतात. कोयनेच्या १९६० मेगावॅटची जनित्रं तर काही मिनिटांत चालू होतात, संध्याकाळी तीच कामी येतात. हे सगळं आपल्यापर्यंत येतं ते तारेनंच ना?

'शेतीला दिवसा वीज देऊन आपल्याला गप्प बसवतात.' उलट हा व्यवहार आहे. पाच एचपीची मोटर साधारण ३.७ किलोवॅट घेते. हजार मोटारी रात्रीच्या दुपारी आणल्या की ३.७ मेगावॅटचा भार उन्हाच्या वेळी सरकला. वीज साठत नाही, पण शेततळ्यात पाणी साठतं. दुपारच्या ओलिताचं पाणी उन्हानं उडतं, मान्य. पण रात्री दोनला, रानडुकरांच्या धाकात, हातात टॉर्च घेऊन दांड वळवणाऱ्याला विचारा त्याला काय परवडतं ते.

गेल्या रब्बीत आमची डीपी जळाली. आठ दिवस हरभरा तहानला, अन् शेजारच्या फिडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या दुसऱ्या लाईनवर) मोटारी चालूच होत्या. त्या आठ दिवसांत मुंबईची लाईन तोडून आमच्या वावरात किती पाणी आलं असतं, ते मेसेज पाठवणाऱ्या भाऊंनी सांगावं.