नोकरी सोडण्याआधी लॅबची वेळ बघा

मंडळी, अमेरिकेत राहून, डिग्री झाल्यावर, डॉक्टर व्हायचं ज्यांच्या मनात आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची डिग्री, ती कुठल्याही विषयातली चालते. माझी अर्थशास्त्राची. पण मेडिकलला अर्ज करायचा तर बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स बहुतेक ठिकाणी वर्षवर्षभर, प्रॅक्टिकलसकट लागतं, वर बायोकेमिस्ट्री. राहिलेले हे कोर्स डिग्रीनंतर करायचे, त्याला इथे पोस्ट-बॅक म्हणतात. मी ते फुल टाइम नोकरी सांभाळून करतेय.

भेटेल तो सांगतो, "नोकरी सोड आणि एकदाचं उरकून टाक." मला हे अजिबात पटत नाही. नोकरीवर घरभाडं चालतं, हेल्थ इन्शुरन्सही तिच्यामुळेच. कंपनी फी देत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत त्यावर टॅक्स लागत नाही. एचआरला विचारा तरी!

आणि उरकणार कसं? जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक घेता येत नाही, त्यापुढे बायोकेमिस्ट्री. शिवाय एएमसीएएस या सामायिक अर्जात सगळे ग्रेड जातात. कोर्स पुन्हा करून ए मिळवला तरी आधीचा सी सरासरीत धरलाच जातो. म्हणून नोकरी असेल तर सेमिस्टरला एकच जड विषय घ्या. वर्ष जास्त गेलं तर जाऊ दे.

(भारतातून बी.एस्सी. किंवा बी.फार्म. करून आलेल्यांनो, तिकडचे मार्क या सरासरीत येत नाहीत, आणि बऱ्याच कॉलेजांना हे विषय इथेच केलेले हवे असतात. आधी चौकशी करा.)

खरी अडचण लॅबची आहे. वाचन रात्री होतं, लेक्चरचं रेकॉर्डिंग रविवारी बघता येतं. पण मंगळवारी दुपारी एक ते पाच लॅब असेल तर नोकरदार माणसानं काय करायचं? आमची ऑरगॅनिकची लॅब संध्याकाळची आहे. शेजारच्या टेबलावरचा मुलगा गोदामातली शिफ्ट संपवून येतो, समोरची बाई नर्सिंग होममधून, अंगावर स्क्रब्ज तसेच. परवा रीक्रिस्टलायझेशन होतं, म्हणजे पदार्थ गरम द्रावणात विरघळवून, निवताना त्याचे शुद्ध स्फटिक मिळवायचे. गरम द्रावण हळूहळू निवू द्यावं लागतं, घाईनं बर्फात ठेवलं की स्फटिक बारीक येतात आणि अशुद्धी आत अडकते. दिवसभर राबून आलेली ही माणसं फ्लास्ककडे बघत शांत उभी होती, कुणी घाई केली नाही. पेशंटजवळ अशीच माणसं हवीत असं मला मनापासून वाटतं.

आणि त्यांना डॉक्टर होता येईल की नाही, हे कॉलेजच्या वेळापत्रकावर ठरतं! बोस्टनलगत केंब्रिजमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एक्स्टेंशन स्कूलचे संध्याकाळचे वर्ग आहेत. सगळीकडे अशी सोय नाही. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, संध्याकाळची लॅब मिळू शकते, फीही बरीच कमी, पण काही मेडिकल कॉलेजं तिथल्या ग्रेडना कमी लेखतात. हे मला साफ अन्यायाचं वाटतं. नोकरी करणारा माणूस आणखी जाणार कुठे?

तुमच्यापैकी जे इथल्या कॉलेजांत शिकवतात त्यांना कळकळीनं सांगणं आहे, विभागाच्या मीटिंगमध्ये संध्याकाळच्या एका लॅब सेक्शनची मागणी लावून धरा. आणि जे सुरुवात करताहेत त्यांनी नाव घालण्याआधी पुढच्या दोन्ही सेमिस्टरच्या लॅबच्या वेळा मॅनेजरला दाखवा, आणि तो हो म्हणाला की ते ईमेलवर लिहून घ्या.